मुलगा म्हणतो, दोनशे रुपयांत फ्लॅट नावावर होतो

प्रश्न: माझं वय ५८. मिस्टर मार्चअखेर निवृत्त झाले. सिंहगड रोडला १९९८ साली घेतलेला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, कर्ज केव्हाच फिटलंय. मुलगा-सून हिंजवडीत नोकरीला, नातू साडेतीन वर्षांचा. मुलगी नाशिकला दिलेली. मुलाचं म्हणणं, हा फ्लॅट विकून वाकडला थ्री बीएचके घेऊ आणि सगळे एकत्र राहू. विकायचा नसेल तर निदान आत्ताच माझ्या नावावर करा, बक्षीसपत्र दोनशे रुपयांत होतं. मिस्टर तयार आहेत. पेन्शन किरकोळ आहे, पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून ४६ लाख आलेत. सासूबाई ८४ वर्षांच्या, गावी दिरांकडे असतात. मुलगा वाईट नाही हो, पण माझा जीव घाबरा होतो आणि कारण विचारलं तर सांगता येत नाही. काय करावं?

उत्तर: ताई, आधी मीच तुम्हाला एक विचारते. १९९८ च्या करारावर नाव कोणाचं आहे?

तुम्ही 'आमचा फ्लॅट' लिहिलंय. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या बहुतेकजणी असंच म्हणतात. मग फाइल उघडली की पहिल्याच पानावर 'लिहून घेणार' म्हणून मिस्टरांचं एकट्याचं नाव निघतं. तेव्हा रीतच होती तशी. कर्ज त्यांच्या पगारावर, म्हणून करारही त्यांच्या नावावर. डाउन पेमेंटला तुमच्या बांगड्या मोडल्या असतील, पुढची पंधरा वर्षं तुम्ही हप्त्यासाठी घरखर्चातून पैसे काढले असतील, त्यातलं कागदावर काही येत नाही.

तुमच्या घाबरण्याचं कारण मला वाटतं इथेच आहे. नाव त्यांचं एकट्याचं असेल, तर त्यांनी उद्या मुलाला बक्षीसपत्र करून दिलं तरी त्यावर तुमची सही लागत नाही. तुम्हाला विचारतील, कारण घर चांगलं आहे. पण विचारलंच पाहिजे असं कागद म्हणत नाही.

आता दोनशे रुपयांचं. मुलगा खोटं बोलत नाहीये. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. मुलगी लग्न झालेली असली तरी चालते. सुनेला ही सवलत नाही, फक्त मुलगा हयात नसेल तर त्याच्या बायकोला आहे. शहरात यावर अधिभार लागतो आणि तो बाजारमूल्याच्या टक्क्यांनी असतो, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च दोनशेवर भागत नाही. आकडा दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

आणि यादीतलं दुसरं नाव परत वाचा. बायको. मुलगा जी सोय त्याच्यासाठी दाखवतोय, तीच सोय तुमच्यासाठी आहे. माझा सल्ला असा की ती आधी तुम्ही वापरा. मिस्टरांनी फ्लॅटचा अर्धा हिस्सा तुम्हाला नोंदणीकृत बक्षीसपत्राने द्यावा, सोसायटीच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) तुमचं नाव चढवावं, आणि मग पुढच्या सगळ्या गोष्टी बोलाव्यात. पुढे घर भाड्याने दिलं तर त्या अर्ध्या हिश्श्याचं भाडं करासाठी त्यांच्याच उत्पन्नात धरतील, पण त्याने तुमच्या मालकीला काही होत नाही. एवढं केलंत की फ्लॅट विकायला, गहाण ठेवायला, द्यायला दोन सह्या लागतील. मिस्टरांना हे कसं सांगायचं ते तुम्हीच जास्त जाणता. मी असते तर मुलाचा विषयच काढला नसता. "तुमच्यामागे मला कागदासाठी धावाधाव नको," एवढंच म्हटलं असतं. ते खरंही आहे.

तुम्ही फक्त उल्लेख करून सोडून दिलेल्या सासूबाईंकडे येते. मिस्टरांनी मृत्युपत्र केलं नाही आणि त्यांचं काही बरंवाईट झालं, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या मालमत्तेचे वारस चार: तुम्ही, मुलगा, मुलगी आणि त्यांची आई. चौघांना सारखा वाटा. लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. बायको-मुलं असताना आई कुठून आली, असं. पण आई पहिल्या वर्गातली वारस आहे. सासूबाईंचा तो पाव हिस्सा त्यांच्या पश्चात त्यांच्या वारसांकडे जातो, म्हणजे तुमच्या मुलांबरोबर दिरांकडे आणि नणंदांकडेही. मग फ्लॅट विकायचा झाला की गावाकडच्या सह्या गोळा करा. तोवर कोणाचं तरी कोणाशी तरी पटेनासं झालेलं असतं. मी हे एकदा नाही, बऱ्याचदा निस्तरलंय. आणि निस्तरणं म्हणजे काय, तर पाच-सहा वर्षं आणि सगळ्यांची तोंडं वाकडी.

सोसायटीत नॉमिनेशन केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी मालक होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्याप्रमाणे नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं: नॉमिनीमुळे वारसाहक्क बदलत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. दोन साक्षीदार लागतात. ते तुमच्यापेक्षा तरुण असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नसावेत. दोघांनी वेगवेगळं करा, एकाच कागदावर नको. माझा हिस्सा आधी जोडीदाराला, दोघांच्या पश्चात मुलांना अमुक प्रमाणात, अशी साधी वाक्यं पुरतात. वाटेल तेव्हा बदलता येतं. बक्षीसपत्राचं तसं नाही. ते नोंदवलं आणि समोरच्याने स्वीकारलं की दिलं.

ते देणं कसं असतं ते सांगते. बरीच वर्षं झाली. एक काका-काकू, एकुलता मुलगा, तुमच्यासारखंच चांगलं घर. बक्षीसपत्र मीच तयार केलं होतं. निबंधक कार्यालयात नंबर लागला, ऑपरेटरने मान वर न करता विचारलं, "लिहून देणार कोण?" काका खुर्चीत बसले. कॅमेऱ्यात बघा, अंगठा ठेवा, पुसून परत ठेवा. वयानुसार बोटांच्या रेषा पुसट होतात, त्यामुळे मशीन तीन वेळा नाही म्हणालं. सुनेने पर्समधून रुमाल काढून त्यांचा अंगठा पुसला, पाण्याची बाटली पुढे केली. खरंच मायेने केलं तिने. "लिहून घेणार?" मुलगा बसला, त्याचा अंगठा पहिल्याच फटक्यात लागला. वीस मिनिटांत बाहेर. समोरच्या टपरीवर सगळ्यांनी चहा घेतला, पैसे काकांनी दिले.

वर्षभराने काका एकटे आले. मला वाटलं भांडण झालं असणार. तसं काही नव्हतं. जेवण वेळेवर, औषधं वेळेवर, दिवाळीला कपडे. म्हणाले, "गावाहून भाऊ येतो म्हणाला चार दिवस. मी त्याला म्हटलं, विचारून सांगतो." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी विचारलं, बक्षीसपत्र परत घेता येतं का? मी नाही म्हणाले. कोर्टात जाण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मुलाने काय वाईट केलं होतं? काहीच नाही.

त्यानंतर मी ज्येष्ठांचं बिनशर्त बक्षीसपत्र करून देणं बंद केलं. करायचंच म्हटलं तर दोन कलमं घालते: आई-वडील दोघांनाही तहहयात त्या घरात राहण्याचा हक्क, आणि मुलाने त्यांचा सांभाळ करण्याची स्पष्ट अट. याला कायद्याचा आधार आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्याच्या २३ व्या कलमात म्हटलंय की सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि नंतर सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. आपल्याकडे हे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असतं. पण अट लिहिलेली हवी. 'प्रेमापोटी व मायेपोटी' एवढंच लिहिलेल्या बक्षीसपत्रात ती अट कुठून काढायची? डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईचा अर्ज याच मुद्द्यावर टिकू दिला नाही. जानेवारी २०२५ च्या निकालात मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या एका आईला घर परत मिळालं. त्या प्रकरणात बक्षीसपत्राबरोबर मुलाने सांभाळाचं वचनपत्र दिल्याचं आईचं म्हणणं होतं, आणि न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावायला हवा असं सांगितलं. निकाल चांगला आहे. पण ती बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, हेही लक्षात घ्या. आपल्याला तिथे जायचं नाहीये.

म्हणून 'निदान नावावर तरी करा' याला माझं उत्तर, आत्ता नको. मृत्युपत्राने त्याला पुढे मिळणारच आहे. त्याला घाई का, हे मात्र शांतपणे विचारा. कधीकधी कारण साधं असतं. त्याला कुठेतरी कर्ज घ्यायचं असतं आणि तारण हवं असतं. तसं असेल तर वेगळं बोलता येईल.

आता वाकडच्या थ्री बीएचकेचा हिशेब. तुम्ही आकडे दिले नाहीत, मी अंदाजाने धरते. जुना फ्लॅट ७५ लाखांना गेला, नवा १ कोटी ६० लाखांचा. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ११ लाख २० हजार. नोंदणी ३० हजार. इमारत बांधली जात असतानाच घेतलीत तर ५ टक्के जीएसटी, ८ लाख. हे साडेएकोणीस लाख विटा-सिमेंटात जात नाहीत, नुसतेच जातात. फर्निचर वेगळं, पार्किंगचं काय ते वेगळं. तुमच्या ७५ मधले साडेपंचावन्न उरले. बाकीचे कर्ज काढून. समजा तुमच्या ४६ लाखांतलेही काही त्यात घातले आणि ८० लाख कर्ज घेतलं, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता महिना जवळपास ६९ हजार. दोघांच्या पगारावर झेपेल. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर झेपेल का, ते दोघांनी सांगायचं. हिंजवडीतल्या नोकऱ्यांचं तुम्हालाच माहीत.

एवढा पैसा तुमचा, तर करारात तुमची दोघांची नावं हवीत आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिलेला हवा. इथे एक गाठ बसते. बँका साधारणपणे सगळ्या सहमालकांना सहकर्जदार करून घेतात. म्हणजे साठीच्या पुढे, पगार नसताना, मिस्टर वीस वर्षांच्या कर्जावर सही करणार. यावर कोणीतरी सुचवतंच, "मग बाबांचं नाव नको, मुलाच्या एकट्याच्या नावावर घेऊ." सोपं वाटतं. पण जुनं घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर नवं घर विकणाऱ्याच्या नावावर लागतं, विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेतलेलं. बांधून घेत असाल तर तीन वर्षांत. मुलाच्या एकट्याच्या नावावर घेतलं म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने सवलत नाकारल्याचं उदाहरण आहे. तुमचं घर १९९८ चं, त्यामुळे नफा काढताना १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. ते मूल्यांकन करसल्लागाराकडून आधी करून घ्या, व्यवहार ठरल्यावर नव्हे.

मी विकण्याच्या बाजूची नाही, हे एव्हाना कळलंच असेल. एकत्र राहण्याला माझा विरोध नाही. नातू साडेतीन वर्षांचा आहे, आणि मुलगा-सुनेला तुम्ही जवळ हवे आहात याचं मोठं कारण तो आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते तोंडाने बोललं जात नाही. 'सगळे एकत्र राहू' म्हणजे सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात नातू तुमच्याकडे, असाच अर्थ आहे का, विचारा. पाळणाघर सुरू राहणार की बंद? शनिवार-रविवार तुमचा की त्यांचा? मुलीकडे आठ दिवस जायचं झालं तर रजा कोण काढणार? गुडघे आज ठीक आहेत, पाच वर्षांनी?

माझा आवडता मार्ग तसा साधा आहे. सिंहगड रोडचा फ्लॅट ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या, आणि त्याच भाड्यात थोडी भर घालून मुलाच्या सोसायटीत किंवा शेजारच्या गल्लीत वन बीएचके भाड्याने घ्या. नातवाला बसवरून आणता येतं, दुपारी तो तुमच्याकडे झोपतो, संध्याकाळी आपल्या घरी जातो. वर्षभर बघा. जमलं तर मोठ्या घराचं बोलू. नाही जमलं तर भाडेकरूला मुदतीत नोटीस द्या आणि परत या. ज्या घरांनी हे केलं त्यांच्यातल्या निम्म्यांनी मोठं घर घेतलंच नाही. हा माझ्या ओळखीतला अनुभव आहे, सर्वेक्षण नव्हे.

एक वर्ष थांबायचं आणखी एक कारण आहे: मिस्टर. पस्तीस वर्षं सकाळी आठला बाहेर पडलेला माणूस आता अकरा वाजता फ्रीज उघडून विचारतो, "दोन कोथिंबिरीच्या जुड्या कशाला आणल्यात?" खरं की नाही? तुमची दुपारची झोप गेली, कुकरच्या शिट्ट्या कोणीतरी मोजायला लागलं. त्यांचंही चुकत नाही, त्यांना घरात जागाच माहीत नाही. सहाशे-साडेसहाशे फुटांत दोघांची घडी बसायला वेळ लागतो. ती बसण्याआधीच चौथा-पाचवा माणूस, दुसरीचं स्वयंपाकघर आणि कर्जाचा हप्ता अंगावर घेतलात तर कुठलं भांडण कशावरून आहे तेच कळणार नाही. त्यांना बँकेची, लाइटबिलाची, भाजीची कामं लावून द्या. भाजी महाग आणतील, आणू द्या.

४६ लाखांचं चटकन सांगते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मिस्टरांना ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. सध्याच्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात येतात, म्हणजे महिना साडेवीस हजार. तेवढ्याने तुमचं किराणा-औषध भागतं आणि कोणाकडे हात पसरावा लागत नाही. दोन-तीन लाख हाताशी ठेवा. उरलेले तीन वेगवेगळ्या बँकांत, तुम्हा दोघांच्या संयुक्त नावाने. ठेवींचा विमा एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच असतो, आणि पतसंस्थेतल्या ठेवींना तो मुळीच नाही. निवृत्तीचे पैसे आले हे सगळ्यात आधी ओळखीच्या पतसंस्थेच्या एजंटाला कळतं. तो चहाला येऊन गेलाच असेल.

सुनेबद्दल तुम्ही तक्रारीचं एक अक्षर लिहिलं नाहीत, ते मला बरं वाटलं, पण एक सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सून तिथे नांदली असेल तर ते तिचं 'सामायिक घर' ठरू शकतं, आणि राहण्याच्या हक्कासाठी ती दाद मागू शकते. हे मी तिच्याविरुद्ध सांगत नाही. ती वीस वर्षं हप्ता भरणार असेल, तर करारात तिचंही नाव हवं, असं मी तिची वकील असते तर सांगितलं असतं. किंबहुना घर घ्यायचंच ठरलं, तर ते तुम्ही आणि सून अशा दोघींच्याच नावावर घ्यायचं का, याचा विचार करा. खरेदीदार सगळ्या स्त्रियाच असतील तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं, १ कोटी ६० लाखांवर एक लाख साठ हजार वाचतात. (करसवलतीसाठी मग विकणाऱ्यांत तुमचं नाव हवं, म्हणजे परत ते अर्ध्या हिश्श्याचं बक्षीसपत्र आलंच.) मिस्टर आणि मुलगा यावर काय म्हणतात ते मात्र मला ऐकायला आवडेल.

आणि मुलगी. ती 'मला काही नको' म्हणेल. बहुतेक म्हणतात. मग वीस वर्षांनी कधीतरी माहेरच्या दाराशी उभ्या असताना आठवतं. घर मिस्टरांच्या कमाईचं आहे, ते कोणालाही देऊ शकतात, मुलगा-मुलगी सारखंच वाटावं असं बंधन नाही. पण काय ठरवलंय ते तिला तुमच्या तोंडून कळू द्या, भावाच्या तोंडून नको. हक्कसोडपत्राची भाषा कोणी आत्ता काढली तर तुम्ही तिथल्या तिथे थांबवा. आई-बाप हयात आहेत, तिला सोडायला अजून हक्क आलेलाच नाही.

पुढच्या आठवड्यात ओळखीच्या वकिलाकडे जा. १९९८ चा करार, त्याची सूची क्रमांक दोन (निबंधक कार्यालयाचा नोंदणीचा उतारा), सोसायटीचं भागपत्र, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, दोघांची पॅन-आधार कार्डं बरोबर घ्या. कर्ज फिटल्याचं पत्र सापडत नसेल तर बँकेकडून नवीन मागून घ्या, जुन्या फायलीत हटकून तेच हरवलेलं असतं. मिस्टरांना बरोबर न्या. मुलाला पहिल्या खेपेला नको.